न कुरकुरणारी गाडी

जुनी करिझ्मा मोटारसायकल अजून रोज चालवतो म्हटलं की लोक तिच्या टिकाऊपणाचं गुपित विचारतात. तेल कुठलं घालता, मिस्त्री कोण, पेट्रोल कुठल्या पंपावरचं. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यानेही हेच विचारलं. त्याला एक जुनी करिझ्मा घ्यायची आहे आणि घरात याच गाडीवर वर्षानुवर्षं काढलेला माणूस मीच. त्या गडबडीत मी त्याला दोन-चार ठरावीक गोष्टी सांगून मोकळा झालो. नंतर वाटलं, हे उत्तर खरं नव्हतं. माझी गाडी टिकली ती मुळात भक्कम बांधलेली होती म्हणून. माझ्या हातून तिचं जे जे झालं ते दुसऱ्या एखाद्या गाडीने सोसलं असतं की नाही, सांगता येत नाही. भाच्याला उपयोग झालाच तर तो माझ्या चुकांचा होईल, म्हणून त्याच लिहून काढतो आहे.

करिझ्मा बाजारात आली ती २००३ साली. तेव्हा आपल्याकडे दीडशे-एकशेऐंशी सीसी म्हणजे मोठी गाडी. त्यात हे २२३ सीसीचं, हवेवर थंड होणारं, एका सिलिंडरचं इंजिन, सतरा अश्वशक्तीच्या आसपास ताकद, पुढे काच लावलेली अर्धी फेअरिंग, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि पंधरा लिटरची टाकी. होंडाच्या सीआरएफ-२३० या मातीत पळवायच्या गाडीच्या इंजिनाशी या इंजिनाचं नातं आहे. कच्च्या रस्त्यावर मार खाण्यासाठी जे बांधलं, ते आपल्या हायवेवर निवांत चाललं. पुणे-बंगळूर रस्ता त्याच सुमाराला चौपदरी होत होता. कोल्हापूरहून निघून शंभरच्या वेगाने साताऱ्यापर्यंत जाता येतं आणि गाडी थरथरत नाही, हा अनुभव माझ्यासारख्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला नवा होता. २००६ साली मी ती घेतली.

पहिली काही वर्षं तिने काहीच मागितलं नाही. बटण दाबलं की सुरू. पावसात भिजली तरी सुरू, पंचगंगेला पूर आल्यावर सोसायटीच्या आवारात ओलीचिंब उभी राहिली तरी सुरू. यातून मी जो निष्कर्ष काढला तोच पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ. गाडी कुरकुरत नाही म्हणजे तिला काही लागत नाही, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात चांगल्या इंजिनात बांधणाऱ्याने सहनशक्तीचा एक साठा ठेवलेला असतो. निष्काळजीपणा त्या साठ्यातून वजा होत राहतो आणि साठा संपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. हलकी गाडी लगेच तक्रार करते, मग माणूस लगेच गॅरेज गाठतो. भक्कम गाडीचा मालक उशिरा जागा होतो.

सुरुवातीच्या चुका हौसेच्या होत्या. गाडीचा आवाज मला फार सौम्य वाटायचा. मित्रांनी सायलेन्सर बदलला तसा मीही बदलला, एअर फिल्टरचा डबा काढून त्या जागी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला. आवाज भरदार झाला आणि मला वाटलं ताकदही वाढली. या गाडीचा कार्ब्युरेटर निर्वात पद्धतीचा आहे. मूठ पिळली की आतली झडप फिरते खरी, पण पेट्रोलची सुई उचलणारा पिस्टन वर जातो तो हवेच्या दाबातल्या फरकाने, एका पातळ रबरी पडद्याच्या जोरावर. हा दाब स्थिर राहावा म्हणून तो डबा असतो. डबा काढला की हवा हेलकावे खात येते, शिवाय जास्त येते, आणि पेट्रोल मात्र जुन्याच जेटमधून तेवढंच मिळतं. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणाचं इंजिन तापतं आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ती जास्तीची उष्णता टाकायला दुसरी जागा नसते. प्लग काढून पाहिला तेव्हा त्याचं चिनीमातीचं टोक पांढरंफटक होतं. ते तांबूस-करडं असायला हवं हे मला ठाऊक होतं. तरी मी दोन पावसाळे तसेच काढले, कारण आवाज आवडत होता. उघड्या फिल्टरमधून उसाच्या हंगामातली धूळ किती आत गेली असेल याचा विचार तेव्हा केला नाही. आमच्याकडे नोव्हेंबरपासून ट्रॅक्टरांच्या मागे चालताना हवेत काय काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

पुढे सगळं मूळ रूपात आणायचं ठरवलं तेव्हा फिल्टरचा डबा सापडला, पण मूळ सायलेन्सर मी भंगारात दिला होता. किलोच्या भावाने. तो परत मिळवायला सांगलीपासून बेळगावपर्यंत भंगारवाले पालथे घातले आणि शेवटी जो मिळाला तो आतून गंजलेला होता. गाडीचा कोणताही मूळ भाग टाकून देऊ नये, हे भाच्याला मी पहिल्यांदा सांगेन. इंजिनाचे सुटे भाग बरीच वर्षं मिळत राहिले, कारण हेच २२३ सीसीचं इंजिन थोडंफार बदलून २००९ च्या करिझ्मा झेडएमआरमध्ये आणि २०१४ च्या गाड्यांमध्येही होतं. फेअरिंग, काच, बाजूची झाकणं, साधा मागचा हात-धरणीचा दांडा, हे मात्र हळूहळू दुर्मीळ झालं. २०२३ साली करिझ्मा नावाने जी गाडी आली ती २१० सीसीची, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाची, पूर्ण वेगळी. तिच्या भरवशावर जुन्या गाडीच्या मालकाने राहू नये.

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे येतो. ती तेलाची.

इंजिन ऑइल ठरल्या अंतराला बदलायचं असतं, हे मी पाळत होतो. दोन बदलांच्या मधे ते किती उरलंय हे मात्र कधी पाहत नव्हतो. नवी होती तेव्हा तेल कमी होत नव्हतं, म्हणून पुढेही होणार नाही असं मानलं. पण शहरात रोज दहा-बारा किलोमीटर फिरणं वेगळं आणि एप्रिलच्या उन्हात पुण्यापर्यंत शंभर-एकशेदहाचा काटा धरून जाणं वेगळं. हवेवर थंड होणारं इंजिन त्या वेगाला थोडं तेल खातंच. या इंजिनात तेल असतं जेमतेम लिटरभर. त्यातलं दोन-तीनशे मिली गेलं तर उरलेल्यावर सगळा भार येतो, आणि तेल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा या गाडीत नाही. डिपस्टिक काढून बघणं एवढाच उपाय. मी अधूनमधून बघायचो तेही साइड स्टँडवर, गाडी कलती असताना. कलत्या गाडीत तेलाची रेघ खोटी बोलते. मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर, इंजिन थोडा वेळ चालवून आणि मग दोन-तीन मिनिटं थांबून पाहायचं असतं. मॅन्युअलमध्ये हे चित्रासकट दिलेलं आहे. ते मॅन्युअल माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं.

तेल कमी पडलं की पहिला फटका बसतो तो डोक्यात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये. कॅम आणि रॉकर एकमेकांवर घासत फिरतात, वरून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर असतो, आणि मधे असतो तो फक्त तेलाचा पातळ थर. अशा एका उन्हाळ्यात पुण्याहून परत आल्यावर हेडमधून टकटक ऐकू यायला लागली. बारीक, पण सकाळच्या शांततेत स्पष्ट. मी ठरवलं, टॅपेट ढिले झालेत.

इथे मला थांबता आलं असतं. डिपस्टिक पाहता आली असती. मी पाना घेतला. टॅपेटची टोपणं उघडली, इंजिन अजून कोमट होतं, फीलर गेज माझ्याकडे नव्हता. हाताच्या अंदाजाने दोन्ही टॅपेट आवळले. सुरू केली तर आवाज गायब. मला आनंद झाला. मी स्वतःच्या हाताने गाडी दुरुस्त केली होती.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री तेव्हा दुसऱ्या कामासाठी भेटले. मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं की टॅपेटचा आवाज मीच घालवला. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "सर, टॅपेट बोलायलाच पायजे. गप्प बसलं की आत काय तरी जळाय लागलंय म्हणून समजायचं. उद्या सक्काळी थंड गाडी आणून सोडा." मी हो म्हणालो आणि नेली नाही. परीक्षांचे दिवस होते, पेपर तपासायचे होते, आणि गाडी तर झकास चालत होती.

टॅपेटमधली फट म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. ती का ठेवायची हे मी वर्गात शिकवलेल्या गोष्टीतच होतं. धातू तापला की वाढतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत्या वायूत उभा असतो, तो लांबतो. फटच नसेल तर लांबलेला व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. आणि त्याला थंड होण्याचा मुख्य मार्ग तोच असतो, मिटलेल्या क्षणी बैठकीला टेकून उष्णता हेडला देणं. तो मार्ग बंद झाला की प्रत्येक फेरीत तापलेला वायू त्या बारीक फटीतून झोत मारत बाहेर पडतो आणि व्हॉल्व्हची कड खात जातो. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि पाना हातात असताना आठवणं या दोन गोष्टींमध्ये मी अंतर पडू दिलं.

काही आठवड्यांत सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागू लागला. मग मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट. मग चढावर दम नाही. मी प्लग बदलला, पेट्रोलला दोष दिला, कार्ब्युरेटर साफ करून घेतला, तोही मिस्त्रींना टाळून दुसरीकडे, कारण त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं आणि तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी ज्या दिवशी ती चढावर बंद पडली त्या दिवशी ढकलत त्यांच्याकडेच नेली. त्यांनी हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी खाऊन पातळ झालेली, बैठक काळवंडलेली. कॅमच्या उंचवट्यावर खड्डे, रॉकरचा माथा घासून सपाट. इंजिनात तेल निघालं ते अर्ध्याहून थोडंसंच जास्त. मिस्त्री मला एक शब्द बोलले नाहीत. व्हॉल्व्ह हातात दिला आणि बैठक कापायला हेड लेथवाल्याकडे पाठवलं.

टकटक टॅपेटच्या ढिलाईची नव्हतीच. ती तेलावाचून झिजणाऱ्या कॅमची होती. गाडीने इतक्या वर्षांत एकदा तक्रार केली आणि मी तिचं तोंड बंद केलं. नवा कॅम, दोन्ही रॉकर, व्हॉल्व्ह, रिंगा, पॅकिंग असा खर्च झाला. पगारदार माणसाला तो जड गेला, पण त्याहून मनाला लागली ती दुसरी गोष्ट. ते हेड कारखान्यातून जसं आलं होतं तसं आता पुन्हा कधी असणार नव्हतं.

तेलाबाबत आणखी एक चूक याच्या आधीची आहे. शेजाऱ्यांच्या मोटारीचं महागडं सिंथेटिक तेल उरलं होतं. महाग म्हणजे चांगलं असं समजून ते मी गाडीत भरलं. मोटारसायकलच्या इंजिनात तेच तेल क्लचच्या प्लेटांनाही भिजवतं. मोटारीच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. आंबा घाटाच्या चढाला इंजिनाचा आवाज वाढायचा, वेग वाढायचा नाही. दोनदा तेल बदलून धुतल्यावर बरंचसं सुधारलं, प्लेटा मात्र लवकर गेल्या. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ असं छापलेलं असतं. ती खूण ओल्या क्लचसाठीच आहे. तेवढं वाचायला दहा सेकंद लागतात.

टायरची चूक मात्र पैशाने भरून निघण्यासारखी नव्हती. या गाडीला कारखान्यातून पुढे २.७५-१८ आणि मागे १००/९०-१८ मापाचं टायर येतं. मागचं टायर दिसायला बारीक. ते झिजल्यावर मी १२० रुंदीचं घातलं, केवळ मागून गाडी भारदस्त दिसावी म्हणून. मूळ रिमवर रुंद टायर बसवलं की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो, गाडी वळणावर कलताना आधी अडते आणि मग एकदम पडते. मला ते जाणवत होतं. मी त्याची सवय करून घेतली. त्या टायरवर खर्च केला आणि पुढच्या टायरकडे पाहिलंही नाही, कारण त्याची नक्षी शाबूत होती. पुढचं टायर हळू झिजतं. गाडीबरोबर आलेलं तेच टायर सहा वर्षांनीही दिसायला चांगलं होतं.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या पुढच्या टायरवर ११०६ होतं, म्हणजे २००६ सालचा अकरावा आठवडा. ही खूण कशी वाचायची ते मला अपघातानंतर कळलं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, ऊन आणि हवा लागून कडक होतं. नक्षी पाणी बाजूला सारते, पण रस्ता धरून ठेवतं ते रबर. माझी नक्षी उरली होती, रबर उरलं नव्हतं.

२०१२ च्या जूनमध्ये मी आणि बायको गगनबावड्याला गेलो होतो. करूळ घाट उतरताना पहिला पाऊस आला. पहिल्या सरींनी रस्त्यावरचं वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं रस्ता सर्वांत निसरडा असतो. अशा वेळी कडेला थांबायचं, हे कोल्हापूरच्या कुठल्याही माणसाला माहीत आहे. मला घाईही नव्हती. एका डाव्या वळणावर पुढचं चाक सुटलं. मागचं चाक घसरलं तर सावरायला क्षण मिळतो. पुढचं सुटलं की माणूस थेट रस्त्यावर. वेग कमी होता आणि समोरून काही येत नव्हतं, एवढ्यावर निभावलं. बायकोचं मनगट मोडलं. तिच्या डोक्यावर जे हेल्मेट होतं ते रस्त्याकडेच्या गाड्यावरून घेतलेलं, नावापुरतं. स्वतःसाठी मी चांगलं हेल्मेट घेतलं होतं, तिच्यासाठी ते. त्या दिवशी ते आपटलं नाही हा केवळ योग. प्लास्टर निघाल्यावरही बराच काळ ती मागे बसली नाही. मी आग्रह केला नाही. या सगळ्या लिखाणात मला स्वतःला सर्वांत अवघड गेलेला हा परिच्छेद आहे.

त्यानंतर पुढचं-मागचं टायर मूळ मापाचं, दोन्ही एकाच वेळी, आणि पाच वर्षांपुढे नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलायचं, असं ठेवलं आहे. बायकोला तिच्या डोक्याच्या मापाचं, आयएसआय खुणेचं हेल्मेट तिने स्वतः निवडून घेतलं.

ब्रेकच्या तेलाची गोष्ट थोडक्यात सांगतो. डिस्क ब्रेकमधलं तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, ओल शोषल्यानंतर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट-३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की कॅलिपर तापतो, ओलं तेल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो पण दाब पुढे देत नाही. लिव्हर मऊ होऊन मुठीपर्यंत येते. आंब्याच्या उतारावर माझी आली. मागचा ड्रम ब्रेक आणि खालचा गिअर यांनी थांबवलं. गाडी घेतल्यापासून ते तेल एकदाही बदललेलं नव्हतं, आणि उत्कलनबिंदूचा धडा मी दर वर्षी शिकवत होतो. आता ते दोन वर्षांनी बदलतो आणि घाट गिअरवर उतरतो.

चेन आवाज करते म्हणून ती ताठ आवळून घेणं, ही चूक जवळजवळ सगळेच करतात. मीही केली. मागचं चाक खड्ड्यात दबलं की चेनला जास्त लांबी लागते. ढील नसेल तर ती ओढ गिअरबॉक्सच्या दांड्यावर आणि बेअरिंगवर येते. शिवाय पैसे वाचवायला नुसती चेन बदलली, जुनी चक्रं तशीच ठेवली. झिजलेल्या दात्यांनी नवी चेन वर्षभरात खलास केली.

दिव्याचंही तसंच. हेडलाइट कमी वाटला म्हणून ९० वॅटचा बल्ब रिले न लावता बसवला. १२ व्होल्टवर तो साडेसात अँपिअर ओढतो, तेही मुठीतल्या बारीक स्विचमधून. कागलच्या पुढे रात्री प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तेव्हा वायरिंगचा तो भाग वितळून एकजीव झाला होता. शिवाय या गाडीला किक नाही. बॅटरी बसली की ढकलणं एवढंच हातात. १५० किलोच्या आसपासची गाडी पावसात एकट्याने ढकलली की बॅटरीचं महत्त्व पटतं, पण ते आधी पटायला हवं होतं.

करोनाच्या टाळेबंदीत गाडी कित्येक महिने उभी राहिली. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करणं हे दोन मिनिटांचं काम मी केलं नाही. पेट्रोल उडून गेलं, मागे चिकट थर राहिला. मग घाईत स्प्रेने कार्ब्युरेटर धुताना तो रबरी पडदा तसाच आत ठेवला. स्प्रेमधल्या रसायनाने पडदा फुगला, बैठकीत मावेना. रबराला ते द्रव्य लागू द्यायचं नाही, पडदा आधी बाहेर काढायचा, हे मिस्त्रींनी एकदा दाखवलेलं होतं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे. इथेनॉल ओल धरतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. माझी गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या आणि वाटीचं रिंगण मी आता बिघडायची वाट न पाहता बदलतो आणि गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करतो.

शेवटची चूक कागदांची, आणि तिच्यात रंगाचाही भाग आहे. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की नोंदणी संपते आणि आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. माझी मुदत २०२१ मध्ये संपली. करोनामुळे केंद्राने कागदपत्रांच्या मुदती वाढवल्या होत्या, त्या भरवशावर मी राहिलो आणि ती सवलत संपल्यावरही काही काळ तशीच गाडी चालवली. नोंदणी नसलेल्या गाडीला अपघात झाला असता तर विम्याच्या दाव्याचं काय झालं असतं, आणि समोरच्या माणसाला काय उत्तर दिलं असतं, याचा विचार आता केला तरी अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी मी गाडी सजवायचं ठरवलं होतं. सगळी सुटी करून चॅसीला पावडर कोटिंग दिलं. रंग सुरेख बसला, इतका जाड की हँडलच्या गळ्याशी ठोकलेला चॅसी नंबर भरून गेला. तपासणीला गेलो तेव्हा कागद ठेवून पेन्सिलीने घासून नंबरचा ठसा घ्यायचा होता. एकही आकडा उमटेना. निरीक्षकांनी सांगितलं, नंबर वाचता येत नाही तोवर पुढे जाता येणार नाही. त्यांचं बरोबर होतं, नंबर झाकलेल्या गाडीकडे संशयानेच बघायला हवं. घरी आणून रंग काढायच्या द्रवाने आणि तांब्याच्या ब्रशने, लोखंडाला ओरखडा येऊ न देता, आकडा न् आकडा मोकळा केला. पुढच्या खेपेला ठसा उमटला, उशिराचं शुल्क आणि पर्यावरण कर भरला, नोंदणी मिळाली. ज्याला गाडी रंगवायची असेल त्याने त्या पट्टीवर आधी उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावून घ्यावी.

भाच्यासाठी त्याने आणि मी आतापर्यंत ज्या जुन्या करिझ्मा पाहिल्या, त्या बघताना मी आधी मालकाला गाडी थंड ठेवायला सांगतो. मग मेन स्टँडवर डिपस्टिक, टायरवरचे चार आकडे, ब्रेकच्या तेलाचा रंग, चॅसी नंबर, आणि मग चावी. इचलकरंजीच्या एका गाडीचं इंजिन इतकं शांत होतं की भाचा खूश झाला. मी टॅपेटची फट मोजून बघू द्या म्हटलं, मालक नको म्हणाले, आम्ही परत आलो. शोध चालू आहे.

माझ्या गाडीच्या हँडलमध्ये सध्या सरळ चालवताना मधोमध एक बारीक खटका लागतो. खड्ड्यात जाणवतही नाही, फक्त रिकाम्या रस्त्यावर हळू जाताना कळतो. हँडलच्या बेअरिंगचा कोन-सेट गेला आहे. सुटा भाग आला आहे, मिस्त्रींच्या मुलाने बुधवारची सकाळ दिली आहे.